निर्जीव दांताची शुभ्रता

शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळतांना एखाद्या मुलाच्या पुढच्या दांतावर चेंडू बसतो. ओठ सुजतो, चार दिवसांत सूज उतरते, आणि घरचीं माणसें तो प्रसंग विसरून जातात. पुढें कांहीं महिन्यांनीं, केव्हां केव्हां वर्षांनींहि, आईच्या ध्यानांत येतें कीं, इतर दांत शुभ्र असतां तो एकच करडा पडत चालला आहे. मुलगा तोंडावर हात ठेवून हसूं लागतो. दांत दुखत नाहीं, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. परंतु बहुधा त्या दांताचा जीव गेलेला असतो.

दांताच्या पोटांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मृदु मगज असतो. आघातानें तेथें रक्तस्राव झाला म्हणजे रक्तपेशी फुटतात, आणि त्यांतील रंगद्रव्य डेंटिन नांवाच्या थरांतील सूक्ष्म नलिकांत शिरतें. त्यांतील लोहाचा गंधकाशीं संयोग होऊन काळसर संयुग बनतें. डाग आंतून पडलेला असल्यामुळें कितीहि दंतमंजन घासलें तरी तो निघत नाहीं. दंतवैद्यानें मुळांतील पोकळी स्वच्छ करून भरली, म्हणजे रूट कॅनालचा उपचार पुरा झाला, कीं मग दांताच्या पोटांत विरंजक द्रव्य ठेवतां येतें.

ही कल्पना जुनी आहे. 1864 मध्यें ट्रुमन यांनीं क्लोरीन वायु सोडणारें द्रव्य निर्जीव दांतांसाठीं वापरलें. आज मात्र मुख्यतः तीन द्रव्यांची तुलना करावी लागते, आणि त्या तिहींचें काम अखेर एकाच पदार्थावर चालतें. तो पदार्थ हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यापासून निघणारे क्रियाशील प्राणवायूचे अंश रंगद्रव्याचे मोठे रेणु फोडतात, आणि डाग फिका पडतो.

पहिलें द्रव्य म्हणजे 30 ते 35 टक्क्यांचें तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचें काम जलद होतें. पण हिरडीला लागलें तर ती भाजते. दुसरें, सोडियम परबोरेट. ही पांढरी भुकटी पाण्यांत कालविली म्हणजे पेरॉक्साइड हळूहळू सुटतें. 1961 मध्यें स्पासर यांनीं हा लगदा दांतांत भरून, वरून तात्पुरतें बूच बसवून रोग्यास घरीं पाठविण्याची रीत सांगितली. 1963 मध्यें नटिंग व पो यांनीं पाण्याऐवजीं तीव्र पेरॉक्साइड घातलें. तिसरें, कार्बामाइड पेरॉक्साइड. यांत पेरॉक्साइड युरियाशीं बांधलेलें असतें, आणि 35 टक्क्यांच्या मिश्रणांतून सुमारें 12 टक्केच मोकळें होतें.

सहज वाटेल कीं, तीव्र तें उत्तम. परंतु डेंटिनच्या नलिका मुळाच्या बाहेरील पृष्ठभागाकडेहि जातात. तीव्र द्रव्य त्यांतून पाझरून दांताच्या मानेपाशीं पोंचतें, व तेथें शरीर स्वतःच मूळ कुरतडूं लागतें. 1979 मध्यें हॅरिंग्टन व नॅट्किन यांनीं विरंजनानंतरच्या अशा झिजेकडे लक्ष वेधलें. लहान वयांत मार लागलेला दांत व तीव्र द्रव्यास दिलेली उष्णता यांनीं हा धोका वाढतो. झीज दुखत नाहीं. ती पुष्कळदां कांहीं वर्षांनीं क्ष-किरणांच्या चित्रांतच दिसते, आणि तोंवर दांत हातचा जाण्याची वेळ आलेली असते.

उलट, पाण्यांत कालविलेलें परबोरेट तीन ते सात दिवसांनीं बदलीत गेलें, तर दोन ते चार खेपांत बहुतेक दांतांचा रंग पुरेसा उजळतो. तुलनात्मक प्रयोगांत त्याचें अंतिम फळ तीव्र मिश्रणाहून फारसें उणें ठरलेलें नाहीं. तथापि तेंहि निर्दोष नव्हे: युरोपीय संघानें परबोरेटची गणना प्रजननास अपायकारक द्रव्यांत करून सौंदर्यप्रसाधनांत त्याचा वापर निषिद्ध केला आहे. अशा स्थितींत कार्बामाइड पेरॉक्साइड हा मधला मार्ग उपयोगी पडतो. प्रयोगांत त्याचा रंग उजळण्याचा गुण चांगला आढळला, आणि मुळाबाहेरचा पाझर तीव्र पेरॉक्साइडहून कमी.

द्रव्य कोणतेंहि असो, मुळांतील भरावावर सुमारें दोन मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा बांध घातलाच पाहिजे. विरंजन संपल्यावर कायमचें भरण करण्यापूर्वीं एक-दोन आठवडे थांबावें, कारण उरलेला प्राणवायु भरणाची पकड सैल करतो. धातूच्या भरणानें पडलेला डाग मात्र या उपायांनीं सहसा जात नाहीं. आणि उजळलेला रंग कांहीं वर्षांनीं पुन्हां मंद होऊं शकतो.

म्हणून लग्नाची तिथि जवळ आली, एका दिवसांत दांत पांढरा करून द्या, असा आग्रह दंतवैद्यापाशीं धरूं नये. कोणतें द्रव्य वापरणार, बांध घातला कीं नाहीं, व पुढें क्ष-किरणांची तपासणी केव्हां करावयाची, एवढे तीन प्रश्न आईबापांनीं अवश्य विचारावे. तीन आठवडे उशीरा आलेली शुभ्रता चालेल. मूळ गमावून आलेली चालणार नाहीं.