सहल वर्गाची

(मंडळाच्या शाळा-मदतनिधी कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकारिणीने फोनवर सांगितलं होतं, "दहा मिनिटं बोला, शाळेच्या आठवणी सांगा. लोकांचे हात खिशाकडे गेले पाहिजेत!" आठवणी सांगणं सोपं आहे. खिशाचं तुम्ही बघा. मात्र हात खिशात घातल्यावर पैसे द्यायचे कसे, याबद्दल आम्हाला थोडं बोलायचं आहे.

आता 'आम्ही' म्हणजे कोण? आम्ही म्हणजे २००४ साली दहावीला बसलेली 'ब' तुकडी. माईकसमोर एकच सॉफ्टवेअरवाला उभा असला, तरी हे भाषण सगळ्या वर्गाचं आहे. गेले पंधरा दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच्यावर चर्चा, भांडणं आणि दुरुस्त्या चालू आहेत. काही चुकलं तर दोष चौपन्न जणांत वाटून घेऊ!

आमचं गाव माणदेशातलं, तालुक्याचं. माणदेश म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या कडेकडेचा, माणगंगेच्या खोऱ्यातला कोरडा मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला तो तरुण मास्तर आठवतोय ना? त्याचा मुलूख तोच आमचा. गावाचं आणि शाळेचं नाव मात्र आज मुद्दाम घेत नाही. का, ते पुढे कळेल.

शाळेचे निम्मे वर्ग कौलारू, निम्मे पत्र्याचे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि पावसाळ्यात (पाऊस आलाच तर!) सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. घंटा म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. ती वाजवायचा मान आठवड्याला एका मुलाला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती जून २००० पासून, आम्ही त्याच्या आधीचे. आमची ए-बी-सी-डी सुरू झाली पाचवीत, १९९८ साली. आज इथे रोज सकाळी मीटिंगमध्ये इंग्रजीत तोंड उघडताना अजूनही कधीकधी त्या पत्र्याखाली उभं असल्यासारखं वाटतं!

वर्गात कोण कोण होतं? मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलं होती. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आईवडील दिवाळीआधीच कारखान्याकडे गेले, की आजीपाशी राहणारी मुलं होती. आणि गलाईवाल्यांची मुलं होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. आमच्या भागातले लोक या धंद्यासाठी भारतभर पसरले आहेत. त्यामुळे आमच्या वर्गात केरळ, तमिळनाडू, बंगालची पोस्टकार्डं यायची. परदेशात येण्याआधीच 'वडील लांब असतात' ही गोष्ट आम्हाला नवी नव्हती.

अशा शाळेत काय काय चालायचं म्हणता! सकाळी परिपाठ, मग मैदानावर सूर्यनमस्कार. आमच्याकडचा काही भाग पूर्वी औंध संस्थानात होता आणि औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रोजचे करून टाकले होते. संस्थान गेलं, राजे गेले, सूर्यनमस्कार राहिले. मग वार्ताफलक. त्यावर खडूने बातमी लिहायची. अक्षर चांगलं असलेल्यांची त्यासाठी चढाओढ. संचयिका, म्हणजे शाळेतली आमची बँक, तिच्यात आठ आणे भरून पासबुकावर सही घ्यायची. नवरात्रात मुलींचा हादगा, आणि खिरापत ओळखायला खिडकीबाहेर मुलांची गर्दी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा. स्काउटची 'खरी कमाई'. आणि गॅदरिंग! गॅदरिंगच्या नाटकात आमचा शाहिस्तेखान खिडकीतून उडी मारताना पडद्यासकट खाली आला होता. बोटं शाबूत राहिली, दात एक पडला. तो आज बँकेत मॅनेजर आहे आणि दात अजून नाही बसवलेला.

पण यातलं एक सविस्तर सांगायचं आहे. सहल.

२००२ सालचा हिवाळा, आम्ही नववीत. एक दिवसाची सहल ठरली: औंध, सातारा, सज्जनगड. एसटीची लाल गाडी ठरवायची तर माणशी नव्वद रुपये येत होते. नव्वद रुपये म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच घरांत शेतमजुरीचे दोन-तीन दिवस. वर्गात दोन दिवसांत दोन गट पडले, जाणारे आणि 'मला गाडी लागते' म्हणणारे. चित्रकलेच्या सरांनी ते ओळखलं. चौदा-पंधरा मुलांना एकाच आठवड्यात गाडी कशी लागायला लागली!

सरांनी टेबलावर चपलांचा रिकामा खोका आणून ठेवला. वर फट पाडलेली. प्रत्येकाला एकेक कोरं पाकीट दिलं. म्हणाले, "जमेल तेवढं घाला. नाव लिहू नका, पाकीट चिकटवा. काहीच जमलं नाही तर रिकामं टाका. पण पाकीट प्रत्येकानं टाकायचं." आणि वर एक वाक्य टाकलं, जे आमच्या ग्रुपचं आज नाव आहे: "सहल वर्गाची आहे, पैसे देणाऱ्यांची नाही."

खोका उघडला तेव्हा पैसे कमीच भरले. मग बाजाराच्या दिवशी आम्ही खरी कमाई केली. लिंबू सरबत विकलं, सायकली पुसल्या, दुकानदारांची पोती उतरवली. तरी थोडे कमी पडत होते, ते कुठून आले ते सरांनाच ठाऊक. गाडी सुटली तेव्हा हजेरी झाली, चौपन्नच्या चौपन्न. कुणालाही गाडी लागली नाही!

औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. राजेसाहेबांनीच १९३८ साली उभं केलेलं. तिथे रविवर्म्याची चित्रं बघून आम्ही थक्क झालो. पण सर आम्हाला एका दगडी मूर्तीपाशी घेऊन गेले. आई आणि मूल. आमच्यातला एक म्हणाला, "सर, हे अर्धवट राहिलंय का?" सर म्हणाले, "नाही रे, पुरं झालंय. पुन्हा बघ. हा हेन्री मूर, इंग्लंडचा." आम्ही पुन्हा बघितलं आणि डबे सोडायला पळालो.

मंडळी, नोकरीसाठी इथे यॉर्कशायरला आलो, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात वेकफिल्डजवळच्या स्कल्प्चर पार्कमध्ये गेलो आणि हिरवळीवर एक मोठी मूर्ती दिसली. पाटीवर नाव, हेन्री मूर. आपला 'औंधवाला' भेटावा तसं झालं! मग वाचलं. हा माणूस इथल्याच कॅसलफोर्डचा, १८९८ चा जन्म, खाणकामगाराचा मुलगा. त्यालाही गावच्या शाळेत चित्रकलेच्या एक बाई भेटल्या, ॲलिस गॉस्टिक नावाच्या, आणि त्यांनी त्याचा हात धरला. आमच्या लक्षात आलं की त्या सहलीला 'गाडी लागणारे' घरी राहिले असते, तर हे नाव त्यांच्या कानावरही पडलं नसतं. आणि त्या पंधरांत आजचा हा वक्ताही होता, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही सांगावी की नाही यावर ग्रुपवर सर्वांत जास्त वाद झाला.

आमच्या लेझीम पथकाचा एक पुढारी होता. सगळे त्याला कप्तान म्हणायचे. तोंडात शिट्टी, कमरेला लाल शेला. त्याने शिट्टी मारली की साठ लेझमा एकदम वाकायच्या. १५ ऑगस्ट २००३, आम्ही दहावीत. त्या वर्षी दुष्काळ होता, जनावरं चारा छावणीला होती. तरी प्रभातफेरीत कप्तानाने असं पथक खेळवलं की बाजारपेठेत लोक दुकानं सोडून बाहेर आले. त्याची आईसुद्धा मजुरी बुडवून बघायला आली होती.

झेंडावंदनानंतर बाहेरगावच्या एका संस्थेचा कार्यक्रम होता, 'गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप'. माणसं चांगली होती. पदरचे पैसे खर्च करून, रात्रभर प्रवास करून आली होती. अगदी तुमच्या-आमच्यासारखी. माईकवरून एकेक नाव पुकारलं गेलं. नुसतं नाव नव्हे, वाडी कुठली, घरात कोण, काय काम करतात, सगळं. कप्तानाचं नाव आलं. "वडील नाहीत, आई मोलमजुरी करते." तो त्याच लाल शेल्यात वर गेला. वह्या घेतल्या. "इकडे बघ बाळ," म्हणून फोटो काढला. त्याची आई भिंतीपाशी उभी होती, ती मागच्या मागे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मधल्या सुट्टीत आमच्यातल्याच एकाने माईकवाल्याची हुबेहूब नक्कल केली. आम्ही हसलो. सगळे हसलो. तोही हसला.

त्यानंतर त्याने शिट्टी कुणाला तरी देऊन टाकली. दिवाळीनंतर मामाबरोबर तमिळनाडूत गलाईच्या दुकानात गेला. दहावीला बसला नाही. त्या एका कार्यक्रमामुळेच त्याची शाळा सुटली असं म्हणणं खोटं ठरेल. दुष्काळ होता, घरात मिळवतं माणूस नव्हतं. पण शाळेत टिकून राहायला त्याच्याजवळ एक गोष्ट होती, कप्तानपद, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून काढून घेतली. देणाऱ्यांनी नकळत, आणि आम्ही हसून.

पंधरा-सोळा वर्षांनी तो ग्रुपवर सापडला. तिकडे त्याचं स्वतःचं दुकान आहे. फोनवर आम्ही अडखळत माफी मागितली, तर म्हणाला, "अरे, वह्या चांगल्या होत्या. दोनशे पानी. पण कव्हरवर शिक्का होता ना, 'गरजू विद्यार्थ्यास भेट'. सरांनी वही तपासायला मागितली की शिक्का वर. लिहावंसं वाटेना."

मंडळी, आमची मुलगी इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. गेल्या वर्षी तिच्या शाळेचं सहलीचं पत्र आलं. इंग्लंडमध्ये शाळेच्या वेळेतल्या सहलीसाठी सक्तीने पैसे घेता येत नाहीत. ऐच्छिक वर्गणी मागतात, आणि ज्याच्या आईवडिलांनी दिली नाही त्या मुलाला मागे ठेवता येत नाही. पैसे फारच कमी जमले तर सहलच रद्द होते, सगळ्यांची. पत्र वाचलं आणि चपलांचा खोका आठवला. आमच्या सरांना हा नियम कुणी शिकवला होता?

म्हणून आज आमची विनंती आहे. मंडळ ज्या शाळांना मदत करणार आहे, तिथे आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. टेंभू योजनेचं पाणी माणदेशाच्या बऱ्याच भागात पोचलं, डाळिंबाच्या बागा झाल्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. ओढाताण होते ती नववी-दहावीत. आणि पहिली कात्री लागते ती पुस्तकांना नव्हे, सहलीला, ग्रेड परीक्षेच्या फीला, रंगपेटीला, लेझमांना. हे 'जास्तीचं' वाटतं. पण मूल शाळेत येतं ते बऱ्याचदा या जास्तीच्यासाठीच! शिवाय चित्रकलेच्या ग्रेडला आता दहावीत वाढीव गुणही मिळतात.

तेव्हा पैसे वर्गाला द्या. एका अख्ख्या वर्गाची गाडी, एका अख्ख्या तुकडीची परीक्षा फी, शाळेचं लेझीम पथक. कुणाचा चष्मा, कुणाची फी असं खरंच एकट्याचं असेल, तर ते वर्गशिक्षकांच्या हाती गुपचूप जाऊ दे. व्यासपीठ नको, यादी नको, शिक्का नको. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत हातात वह्या धरलेल्या मुलाचा फोटो नको, आणि त्याच्याकडून लिहून घेतलेलं आभाराचं पत्रही नको.

तुम्ही म्हणाल, मग आमचे पैसे कुठे गेले ते कळणार कसं? रास्त आहे, हिशोब मागणं हा तुमचा हक्कच आहे. तो पै-पैचा मिळेल: गाडीचं बिल, फीच्या पावत्या, किती मुलं गेली, किती बसली. आम्ही इंजिनिअर माणसं, आकड्यांचे तक्ते करण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. आकडे सगळे येतील, चेहरे येणार नाहीत. कार्यकारिणीने हे ऐकून घेतलं आणि मदतीच्या आवाहनातला मुलाचा फोटो काढून टाकला, त्याबद्दल मनापासून आभार.

आमच्या वर्गाची वर्गणी जमा झाली आहे. कप्तानानेही दिली. किती, ते सांगू नका म्हणाला. त्याची अट एकच, "कुणाला उभं करू नका."

आता शेवटचं. दाराजवळ टेबलावर चपलांचा एक रिकामा खोका ठेवला आहे. शेजारी कोरी पाकिटं आहेत. ज्यांना गिफ्ट एड करायचं आहे त्यांनी फॉर्म भरून खजिनदारांकडे द्यावा. १ पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जास्तीचे मिळतात, ते सोडू नका. बाकीच्यांनी नाव घालायचं कारण नाही. इथे शिकायला आलेली पुष्कळ मुलं आज सभागृहात आहेत, महिनाअखेर आहे, खोलीचं भाडं द्यायचंय, आम्हाला कल्पना आहे. त्यांनी रिकामं पाकीट टाकलं तरी चालेल.

पण पाकीट प्रत्येकानं टाकायचं!