मोडायचं काय, वाचवायचं काय





पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्यू डिहेवन नावाचा शिकाऊ वैमानिक हवेत झालेल्या टकरीतून वाचला. पोटात गंभीर इजा झाली होती. जीव वाचला याचं श्रेय नशिबाला देऊन तो मोकळा झाला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण आपण वाचलो कसे, हा प्रश्न त्याने सोडला नाही. पुढे उंचावरून पडूनही जगलेल्या माणसांच्या घटना त्याने तपासल्या आणि 50 ते 150 फुटांवरून पडलेल्यांचा अभ्यास 1942 साली प्रसिद्ध केला. थांबायला थोडं अंतर मिळालं आणि आघात अंगभर विभागला गेला, तर माणूस आश्चर्य वाटावं इतकं सोसतो, हे त्यातून दिसलं.

हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. ताशी 50 किलोमीटर वेगातला माणूस 60 सेंटीमीटरमध्ये थांबला, तर त्याला सरासरी 16 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट, सोसावे लागतात. तोच 5 सेंटीमीटरमध्ये थांबला तर जवळपास 200. अभियंते बेला बारेनी यांनी मर्सिडीजसाठी हेच ओळखलं: गाडीचं नाक आणि शेपूट चुरगळू द्यायचं, मधली केबिन मात्र शाबूत ठेवायची. 1959 साली अशी गाडी रस्त्यावर आली. त्याच वर्षी व्होल्वोने नील्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा सीट-पट्टा आणला. विमानातही हाच विचार आहे. अमेरिकेत 1988 साली नव्या प्रवासी विमानांच्या आसनांसाठी 16 जीच्या प्रत्यक्ष आघाताची चाचणी नियमात आली. विमानाच्या फरशीखालची चौकट चेपली जाऊन ऊर्जा शोषते, आसन जागेवर टिकतं, आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

हे ज्ञान आपल्याकडे आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून गाड्यांची धडक-चाचणी घेणारं भारत एनकॅप सुरू झालं, गाड्यांना तारे मिळू लागले, लोक शोरूममध्ये ते विचारू लागले. मला याचा आनंद आहे. पण ते तारे गाडीत बसलेल्या मोठ्यांचे आणि मुलांचे. 2022 साली आपल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. त्यांच्याभोवती चुरगळायला काहीच नसतं. त्यांचं थांबण्याचं अंतर समोरच्या वाहनाच्या बॉनेटमध्ये, ट्रकच्या मागच्या अडसरात, हेल्मेटच्या फोममध्ये आणि दुभाजकाच्या कडेत शोधावं लागतं.

हे काम देखणं नाही. पण ते करायला हवं, आणि आज पदवी घेणाऱ्या तुम्हाला ते येतं. उद्या कामाचा विषय निवडताना गाडीबाहेरच्या या माणसांना आधी निवडा, एवढीच माझी विनंती आहे.