हृदयतालाचा उपचार आणि यशाचे मोजमाप



सार्वजनिक आरोग्यखर्चाची चर्चा करताना उपचार यशस्वी झाला असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. एट्रियल फिब्रिलेशन हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो. तेथे रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. उतारवयात त्याचे प्रमाण अधिक असते.

बिघाडास कारण ठरणारे विद्युतसंकेत बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांत उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. मांडीतील शिरेवाटे कॅथेटर नेऊन या संकेतांचा मार्ग रोखण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली.

तिचे दीर्घकालीन फलित काय? बोर्दो येथीलच १०० रुग्णांच्या २०११ मधील अभ्यासात एकाच उपचारानंतर पाच वर्षे ताल सुरळीत राहिलेले रुग्ण २९ टक्के होते. गरजेनुसार पुन्हा उपचार केल्यावर हे प्रमाण ६३ टक्के झाले. तंत्र पुढे सुधारले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कबाना’ चाचणीत २,२०४ रुग्ण होते. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा हृदयक्रिया बंद पडणे यांचे एकत्रित प्रमाण कॅथेटर गटात ८ टक्के, तर औषध गटात ९.२ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मात्र विकार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले आणि जीवनमान सुधारले.

यातून धोरणात्मक बोध मिळतो. ताल सुधारला तरी पक्षाघाताचा धोका असलेल्या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू ठेवावी लागतात. रक्तदाब, वजन व मधुमेह यांवर नियंत्रणही आवश्यक असते. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबांना रुग्णालयीन उपचारांसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. २०२४ मध्ये ती ७० वर्षे व त्यावरील सर्वांसाठी खुली झाली. परंतु रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च तिच्यात १५ दिवसांपुरताच समाविष्ट आहे. विकाराचा हिशेब मात्र वर्षांचा आहे.

म्हणून प्राथमिक आरोग्यसेवा, स्वस्त जेनेरिक औषधे आणि नियमित तपासणी यांची विम्याशी सांगड घालणे अगत्याचे आहे. किती रुग्णांवर उपचार झाले यासोबत, पाच वर्षांनंतर त्यांपैकी किती जण पक्षाघाताविना कामधंदा करीत आहेत याचीही नोंद ठेवली, तरच झालेल्या खर्चाचे खरे मूल्यमापन होईल.