फुटसालची राज्य लीग उभी राहते तेव्हा

1930 मध्ये उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओत व्यायामशिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी फुटसाल हा बंदिस्त मैदानावरचा फुटबॉल आकाराला आणला. भारतात राष्ट्रीय फुटसाल क्लब स्पर्धा सुरू व्हायला मात्र 2021 उजाडलं. तिचा पाया राज्यांत आहे. राज्य संघटना लीग घेते आणि विजेत्या क्लबला पुढे पाठवते.

लीग घ्यायची तर आधी छप्पर हवं. मुंबई-पुण्यात टर्फ भरपूर आहेत, पण कृत्रिम गवतावर पाच-पाच जण खेळले म्हणजे फुटसाल होत नाही. त्याला सुमारे 40 बाय 20 मीटरचं कठीण, सपाट मैदान आणि कमी उसळणारा चेंडू लागतो. मग माणसं. चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. एका सत्रात संघाचा सहावा फाउल झाला, की प्रतिस्पर्ध्याला समोर भिंत नसलेली फ्री किक मिळते. म्हणून पंचांइतकाच वेळाधिकारीही तयारीचा लागतो. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी माणसं घडवणं हे चषक-बक्षिसांच्या आधीचं काम आहे, असं मला ठामपणे वाटतं.

2023 मध्ये भारताचा पुरुष संघ प्रथमच आशियाई पात्रता फेरीत उतरला, ताजिकिस्तानच्या दुशान्बेत. असे खेळाडू आणखी हवे असतील, तर महापालिकांनी आपल्या बंदिस्त क्रीडागृहांत शाळकरी मुलामुलींसाठी फुटसालची ठरावीक वेळ राखून ठेवावी.