पुढचा डिफरन्शियल का तुटतो?

छोट्या फोर बाय फोर गाड्या डोंगरात नेणाऱ्यांमध्ये एक वाद कायम रंगतो: पुढचा डिफरन्शियल कच्चा की मागचा? बहुतेकजण क्राऊनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, घेर मोजून निकाल देतात. मला ते पटत नाही.

आपल्या ओळखीची जिप्सी घ्या. मारुतीने १९८५ मध्ये आणलेली ही गाडी. पुढे-मागे अखंड ॲक्सल, आणि क्राऊन व त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, यांची जोडी दोन्हीकडे सारखीच. मग ताकदही सारखीच हवी ना? तिथंच गंमत आहे. क्राऊन हातात घेऊन बघा. दात सरळ नसतात, वळणदार असतात. एक बाजू बहिर्गोल, दुसरी अंतर्गोल. गाडी पुढे ओढण्याचा भार बहिर्गोल बाजूने घ्यायचा असतो. अंतर्गोल बाजू प्रामुख्याने उतारावर, इंजिन गाडीला आवरतं तेव्हासाठी. मागे बसवलेली जोडी हा नियम पाळते. तीच जोडी उलट तोंडाने पुढच्या ॲक्सलमध्ये बसली की प्रत्येक चढणीला भार अंतर्गोल बाजूवर पडतो. दात तेच, पण पुढे त्यांची ताकद कमी भरते. म्हणूनच जीप रँग्लरच्या १९८७ च्या वायजे मॉडेलात पुढच्या डाना ३० ॲक्सलला, तिथेही भार बहिर्गोल बाजूनेच घेतला जावा म्हणून, उलट कापाचे दात आणि उंचावर पिनियन दिला होता. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आता दुसरी बाजू. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत लो रेंज लावली की जिथे पकड, तिकडे जोर. त्यामुळे चढणीचा मोठा वाटा मागचाच उचलतो आणि पुढचा वाचतो. रिव्हर्समध्ये चढवलीत तर सगळं उलटं: वजन पुढच्या चाकांवर येतं, पण दातांची भक्कम बाजूही तिथेच कामाला लागते.

खरा घात होतो तो झटक्याने. पुढचं चाक हवेत गरगरतंय, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आहे, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला आहे, आणि चाक अचानक खडकावर टेकतं. फिरत्या चाकाचा सगळा वेग त्या क्षणी दातांवर आणि चाकाजवळच्या सांध्यावर आदळतो. बऱ्याचदा आधी सांधाच जातो. तेव्हा चाक उचललं गेलं की पाय काढा, स्टिअरिंग सरळ करा, थोडं मागे या आणि दुसरी वाट धरा.