आधी रक्कम, मग यादी



लोकांना विचारून पैसा खर्चावा, हे आता सारेच म्हणतात. मला प्रश्न पडतो तो त्यांना नेमके काय विचारले जाते, हा. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीच्या सभा कामांचा अग्रक्रम ठरवू लागल्या. गटार आधी की रस्त्याची फरसबंदी, हा तिथला वाद. निधी वाटताना लोकसंख्या आणि वस्तीची उणीव यांनाही गुण असत. नुसत्या मोठ्या आवाजाला नव्हे! केरळने १९९६ मध्ये योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि मग ग्रामसभा बोलावल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुणे महापालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवली, हेही स्तुत्यच. परंतु सुचवणे म्हणजे ठरवणे नव्हे.

आपल्या गोव्यात ग्रामसभा आहेत, माणसेही तावातावाने बोलतात. मात्र मी पाहिलेल्या सभांत मागण्यांची यादी लांबत जाई आणि हाताशी रुपये किती, हे कोणी सांगत नसे. येत्या सभेत ती रक्कम प्रथम फळ्यावर लिहावयास लावा. गटार की सभामंडप, यावर शेजाऱ्यांशी भांडण होईल. ते होऊ द्या.