विम्याची परीक्षा आणि शब्दांची तयारी



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने विमा-अभिकर्त्याच्या परीक्षेचा विषय निवडावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु निवृत्तीनंतर या शाळेचे काही माजी विद्यार्थी, त्यांतही संसार सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या मुली, या परीक्षेचे पुस्तक घेऊन माझ्याकडे येत राहिल्या. त्यांचे अडत होते ते हिशेबापाशी नव्हे, शब्दांपाशी.

परीक्षा तशी अवघड नाही. ५० प्रश्न, एक तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के गुण. म्हणजे १८ उत्तरे बरोबर आली की झाले. उरलेली ३२ चुकली तरी चालतात. २००० सालच्या नियमांत परवान्यापूर्वी १०० तासांचे प्रशिक्षण आवश्यक होते. पुढे ते तास घटले. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर परवानाही गेला. आता कंपनीच अभिकर्त्याची नेमणूक करते. परीक्षा तेवढी टिकून आहे. ‘आयसी-३८’ हे तिचे पुस्तक मराठीतही आहे. तरी बहुतेक उमेदवार बाजारातील प्रश्नोत्तरांचे गाइड पाठ करतात, आणि उत्तीर्णही होतात. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इतका रुळला की आता त्याचे परकेपण जाणवत नाही. त्याच्या परिवारातील इतर शब्दांचे तसे झाले नाही. इंदूरच्या उमेदवाराची तर तिहेरी कसरत असते. अर्ज इंग्रजीत, गाइड हिंदीत, आणि ज्या मावशींना विमा समजावून सांगायचा त्यांची मराठी माळव्याची. हिंदी पुस्तक ‘अभ्यर्पण मूल्य’ म्हणते, मावशी विचारतात, “पॉलिसी मधेच मोडली तर हाती काय येईल?” प्रश्न एकच आहे. पण पर्यायावर खूण करणाऱ्या मुलीला ही दोन्ही वाक्ये एकच आहेत हे ठाऊक नसेल, तर तिचे गुण मावशींच्या काय कामाचे?

‘नामनिर्देशित व्यक्ती’ घ्या. पुष्कळ घरांत ही व्यक्ती म्हणजे वारस असे सरसकट धरून चालतात. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांचे नाव लावलेले असेल तर रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क मानला. भावाचे नाव लावले तर मात्र तो ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारतो. लग्नापूर्वी विमा घेऊन भावाचे नाव लावणारा आणि लग्नानंतर ते बदलायला विसरणारा माणूस आपल्या ओळखीत कोणीतरी असतोच. पुस्तकातली ही दोन ओळींची बाब घरात वर्षानुवर्षे अबोला धरायला लावू शकते.

याहून गंभीर शब्द ‘परम सद्विश्वास’. ऐकायला कीर्तनातला वाटतो, पण अर्थ रोकडा आहे: आपल्या प्रकृतीविषयी जे महत्त्वाचे आपल्याला ठाऊक आहे, ते विचारल्यावर लपवायचे नाही. मधुमेह असताना अर्जावर ‘नाही’ अशी खूण झाली आणि तीन वर्षांच्या आत मृत्यू ओढवला, तर विमा अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वये कंपनी दावा नाकारू शकते. कपट नसेल तर भरलेले हप्ते परत मिळतात. विम्याची रक्कम नाही. खूण पुष्कळदा अभिकर्त्याच्या हातची असते, सही विमेदाराची, आणि परिणाम भोगते ती विधवा.

अर्जाच्या शेवटी एक प्रतिज्ञापन असते, त्याकडे कोणतेही गाइड लक्ष वेधत नाही. अर्जदाराला अर्जाची भाषा येत नसेल, तर मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला व त्याला तो समजला, असे समजावणाऱ्याने लिहून द्यायचे असते. मला ही खरी प्रश्नपत्रिका वाटते. तिच्यात चार पर्याय नाहीत आणि ३५ टक्क्यांची सवलतही नाही.

१९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने २४५ विमा संस्थांचे आयुर्विम्याचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले, आणि १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्या वटहुकुमाच्या वेळी अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. ‘मेघदूत’ मराठीत आणणारे तेच. हिशेब आणि भाषा ही दोन निराळी खाती आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते. आपण शाळेत मात्र निबंध एका तासाला आणि व्याज दुसऱ्या तासाला शिकवले, आणि अर्ज कोणत्याच तासाला नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी गाइड बाजूला ठेवून घेतो. आधी कोरा अर्ज आणायला सांगतो आणि त्यातला एकेक प्रश्न घरच्या मराठीत मोठ्याने विचारायला लावतो. ‘तुम्हांस कोणता पूर्वविकार आहे काय’ असे विचारले की उत्तर हमखास ‘नाही’ येते. ‘रोजची गोळी कसली घेता’ म्हटले की समोरचा माणूस डबी काढून दाखवतो. एवढे जमले की पुस्तकातली प्रकरणे पटापट उलगडतात.

शाळेने रविवारी सकाळी एक वर्ग उघडून दिला, तर मी येऊन बसेन. येणाऱ्याने कोरा अर्ज बरोबर आणावा, आणि जमल्यास घरातली एखादी जुनी पॉलिसीही.